पत्रिकांच्या पाठीवर लिहिणारे अप्पा

मन्मथअप्पा गेले त्या सकाळी मला रफिकभाईंचा फोन आला. शिरूर कासारच्या बस स्टँडसमोर त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि लग्नाआधी सहा वर्षं मी तिथे डिझाइन करत होते. आता बीडला असते. रफिकभाई म्हणाले, "वंदना, दुपारपर्यंत अप्पांचा बोर्ड लावायचा हाय. फोटो हाय, नाव हाय. मॅटर तू पाठव. दुसरं कोण लिहिणार?"

मी हातातली भाजी बाजूला ठेवली आणि मोबाइल घेऊन बसले. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि खोडलं. 'कधीही न भरून निघणारी पोकळी' लिहिलं, तेही खोडलं. यातला एकेक शब्द अप्पांनी माझ्या डोळ्यांदेखत खोडलेला होता. तोच त्यांच्या फोटोखाली घालायला बोट धजेना. शेवटी नुसतं नाव आणि फोटो एवढाच बोर्ड लागला. रफिकभाई नाराज झाले. एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर नुसतं नाव बरं दिसत नाही म्हणाले, आणि दिसलं नसेलच. त्या दिवशी जमलं नाही ते आता सावकाश लिहून बघते.

फ्लेक्सवर, पत्रकावर किंवा भोंग्याच्या रिक्षात जो मजकूर जातो त्याला आमच्याकडे सगळे मॅटर म्हणतात. अप्पा मॅटर लिहायचे. घरचं किराणा दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून ते आमच्याकडे आले ते कायमचेच. सकाळी दहाला यायचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कानावर पेन. दारातूनच नमस्काराऐवजी "शरणार्थ" म्हणायचे आणि आतल्या एसीच्या खोलीकडे पाठ करून बाहेरच्या स्टुलावर बसायचे. थंडीत छापतात म्हणून तुमची अक्षरं गारठलेली असतात, असं मला चिडवायचे. मी म्हणायचे, मग तुम्ही उन्हात बसून लिहा. ते खरंच उन्हात बसायचे.

कोऱ्या कागदावर ते लिहीत नसत. दुकानात लग्नपत्रिकाही छापल्या जायच्या. कधी तारीख बदलायची, कधी मामांच्या नावांच्या क्रमावरून भांडण व्हायचं, कधी लग्नच मोडायचं, आणि छापलेल्या पत्रिकांचे गठ्ठे पडून राहायचे. त्या पत्रिकांची मागची बाजू म्हणजे अप्पांचा कागद. गावात जेवढी लग्नं मोडतील तेवढी अप्पांची सोय, असं रफिकभाई म्हणायचे. एका पत्रिकेवर मोठ्या अक्षरात दहाच ओळी मावत. जे दहा ओळींत मावत नाही ते आपल्यालाच नीट कळलेलं नसतं, हा अप्पांचा हिशेब.

गिऱ्हाईक आलं की ते पेन कानावरून काढायच्या आधी एकच विचारायचे, "कोण वाचणार?"

गिऱ्हाईक म्हणायचं, सगळेच वाचतील की.

"सगळे म्हंजे कुणीच न्हाई. एकाचं नाव सांग."

गिऱ्हाइकाला घाई असायची. त्याला वाढदिवसाचा बोर्ड संध्याकाळी चौकात हवा असायचा आणि हा म्हातारा वाचणाऱ्याचं नाव विचारत बसायचा. मग तो राग माझ्यावर निघायचा. माझा स्वभावही काही गोगलगाईचा नाही. मी अप्पांवर खेकसायचे, अप्पा पेनाचं टोपण काढायचे आणि घालायचे, पण नाव मिळाल्याशिवाय लिहायचे नाहीत.

पण मी कामाला लागले तेव्हा ते असे नव्हते. तेव्हा ते तासाला दहा मॅटर पाडायचे. 'भव्य शुभारंभ', 'एकदा अवश्य भेट द्या', 'आपल्या सेवेत सदैव तत्पर'. तयार ओळींची त्यांची एक वही होती. गिऱ्हाइकाचं नाव बदललं की मॅटर तयार. मला ते फार हुशार वाटायचे. ती वही एका सकाळी बंद झाली, ती भीमामुळे.

भीमा शिरूरजवळच्या वस्तीवरचा ऊसतोड कामगार. त्या हंगामात त्याची बायको सुंदरा फडावर, म्हणजे ऊस तोडायच्या जागी, तापाने गेली होती. दहाव्याचा बोर्ड करायला तो आला तेव्हा त्याच्या शर्टाचं टोक धरून सात वर्षांची मनीषा उभी होती. आधार कार्डावरचा एक फोटो, एवढंच त्याने आणलं होतं. अप्पांनी वही उघडली आणि दोन मिनिटांत मॅटर दिला. आदर्श माता, पतिव्रता, मनमिळाऊ, सर्वांना हवाहवासा वाटणारा हसतमुख चेहरा. भीमाला वाचता येत नव्हतं. म्हणून मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

भीमा म्हणाला, "परत वाचा."

मी परत वाचलं.

"ही कोण बाई हाय?"

रफिकभाईंना वाटलं माणूस दुःखाने बावचळलाय. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भीमाने तो बाजूला केला, काउंटरवरचा फोटो उचलून खिशात घातला आणि म्हणाला, "ही माझी न्हाई. माझी अशी नव्हती." मग तो मुलीला घेऊन निघून गेला. बोर्ड तसाच राहिला.

अप्पा त्याच्या मागे स्टँडपर्यंत पळाले. वस्तीकडची जीप निघून गेली होती. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्यांना तो दिसलाच नाही. मला म्हणाले, मग ती कशी होती, हे मी इचारलंच न्हाई की गं.

पुढच्या रविवारी ते वस्तीवर जाऊन आले. भीमाने दारात उभं राहूनच सांगितलं, मला काय बी इचारू नका. झालं, परतीची वाट. ज्या बाईबद्दल एक अक्षर कळायची सोय नव्हती ती अप्पांच्या डोक्यात ठाण मांडून बसली. मग त्यांनी एका मोडलेल्या लग्नाची पत्रिका उलटी केली आणि त्या बाईला लिहायला घेतलं. आधी वाटलं होतं पाच-दहा पत्रिकांत होईल. पाच वर्षं झाली तरी बाई संपेना. ती कादंबरी होतेय हे त्यांना आमच्याकडूनच कळलं. रफिकभाई म्हणायचे, "अप्पा, छापायची कुठं? आपल्या मशीनवर दहा बाय वीस फुटाची निघंल, चौकात लावू." अप्पा हसायचे. गठ्ठे सुतळीने बांधून साडीच्या खोक्यात ठेवायचे. ती कुठेच छापून आली नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

पण त्या कादंबरीने त्यांच्या मॅटरचं काय केलं, ते आम्ही रोज पाहत होतो. एक चष्म्याचा दुकानदार आला. त्याला 'अत्याधुनिक संगणकीय नेत्रतपासणी' असं हवं होतं. अप्पांनी नाव विचारलं. तो वैतागून म्हणाला, माझी आई समजा. अप्पांनी त्याच्या आईबद्दल अर्धा तास विचारलं आणि लिहिलं, 'घरात सुईत दोरा आता कोण ओवतं? ज्यांना जमत नाही त्यांना घेऊन या.' दुकानदाराने नाक मुरडलं. आठ दिवसांनी पेढे घेऊन आला. मिरची कांडपवालीला त्यांनी दिलं, 'मिरची तुमची, ठसका आमचा.' ती बाई तर तिथेच हसत सुटली.

मी विचारलं, हे तुम्हाला आधी का सुचत नव्हतं? त्यांनी सांगितलं ते मला तेव्हा अर्धंच कळलं. म्हणाले, वहीतली ओळ कुणाच्याबी गळ्यात घालता येते. कादंबरीत तसं चालत न्हाई. तिथं बाईला उठवायचं तर ती कशापायी उठते ते ठाऊक पाहिजे. न्हाईतर ती उठतच न्हाई, दिवसभर बसून राहते आन् आपण बी. गिऱ्हाईक तसंच हाय. ढकललं की हालत न्हाई.

मला वाटलं, म्हातारा आता कीर्तनाला उभा राहणार. तसं काही झालं नाही. पण त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास जे झालं त्यात हे बोलणं त्यांच्याच अंगावर आलं.

दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी होतात. ट्रक, ट्रॅक्टर येतात, भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं सगळं चढतं आणि चार-पाच महिने घरांना कुलपं. भीमाच्या वस्तीवरचे हेडसर खेडकर यांनी शाळेतच हंगामी वसतिगृहाची खटपट केली होती. आईबाप तोडीला गेले तरी लेकरांनी इथे राहावं, जेवावं, शिकावं. तीस नावं झाली तर मंजुरी. सर दुकानात आले तेव्हा बारा नावं होती आणि हातात नऊ दिवस.

भोंग्याच्या रिक्षासाठी त्यांना मॅटर हवा होता. अप्पांनी सवयीने विचारलं, "कोण ऐकणार?"

सरांनी नाव दिलं, भीमाचं. मनीषा आता बारा वर्षांची होती. आई गेल्यापासून ती दर हंगामाला बापाबरोबर जायची, कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बापाच्या आणि चुलत्याच्या भाकरी थापायची. वर्गात तिचं अक्षर सगळ्यात चांगलं. सर म्हणाले, यंदा गेली तर परत वर्गात बसायची नाही. पुढच्या वर्षी हातात कोयता येईल आणि त्याच्या पुढच्या वर्षी गळ्यात मंगळसूत्र. ती एक राहिली तर वस्तीतली बाकीची राहतील, कारण लोक म्हणतील, बिनआईचं लेकरू राहतंय तर आपलं कावून न्हाई?

अप्पांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, काढलं. मला त्यांची भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी ते साडीचं खोकं घेऊन आले. कादंबरीतली सगळ्यात जमलेली पत्रिका त्यांनी काढली. फडावर दव पडलंय, बांधावर लेकरू तापाने फणफणलंय आणि आईचा कोयता थांबत नाही. लेकरू म्हणतं, आई, तुझ्या कोयत्याच्या आवाजात माझं रडणं तुला ऐकूच आलं नाही. त्याखाली त्यांनी वसतिगृहाचं लिहिलं. आवाज माझा होता. मी लहान मुलाचा आवाज काढून रेकॉर्ड केलं आणि रफिकभाईंनी मागे बासरी लावली. ऐकताना त्यांनी डोळे पुसले. मलाही हुंदका आला आणि आपण काहीतरी भारी केलंय असं वाटलं. तो दिवस आठवला की अजून लाज वाटते.

अप्पांची एक सवय होती. भोंग्याची रिक्षा निघाली की ते तिच्या मागे चालत जायचे. एका दारासमोरून रिक्षा जाते तेवढ्यात माणसाच्या कानात काय पडतं, तो मान वर करतो का, हे बघायचे. त्या दिवशी मीही बरोबर गेले. आपल्या आवाजाचं कौतुक, दुसरं काय.

वस्तीच्या तिसऱ्या घरापाशीच बायका गोळा झाल्या. एकीने रिक्षासमोर घमेलं आडवं टाकलं. दुसरीने मागून भोंग्याची वायर उपटली. माझा आवाज मध्येच तुटला. त्यांच्यात पुढे होती कौसाबाई. साठीची, तीस हंगाम केलेली, आता कंबर गेल्यामुळे मागे राहणारी बाई.

"हे कुणी लिवलंय?" तिने विचारलं.

रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं. अप्पा पुढे झाले. "मी."

"तुमचं लेकरू मेलंय का फडावर?"

"न्हाई."

"माझं मेलंय. कोयता थांबत न्हाई म्हंता? मी तीन दिवस कोयत्याला हात लावला न्हाई. मुकादमानं शिव्या घातल्या तरी न्हाई. आमी काय लेकरं मारायला नेतो का?"

चारी बाजूंनी बायका होत्या. मागे दोन-चार पुरुषही येऊन उभे राहिले, त्यांच्यात भीमा होता.  त्याने अप्पांना ओळखलं होतं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मनीषा दारात उभी होती, पिठाचे हात तसेच धरून. मला वाटलं आता कुणीतरी दगड उचलणार. रिक्षावाला हळूच म्हणाला, अप्पा, बसा, निघू. अप्पा बसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"चुकलं," ते म्हणाले. "मग काय सांगायला पाहिजे होतं? तुमी सांगा."

कौसाबाईला हे अपेक्षित नव्हतं. तिने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "शाळेचं शानपन आमाला ठावं हाय. रातचं लेकरू दचकून उठलं तर कोण उठतंय, ते सांगा आधी."

 दुकानाशी उतरल्यावर अप्पांनी साडीचं खोकं उघडलं, ती पत्रिका काढली आणि फाडली. पाच वर्षांतली सगळ्यात चांगली पत्रिका. मी हात धरायला गेले. म्हणाले, मी तिला लांबून बघून रडत होतो गं, ती कुठं रडत होती. रडवलेलं माणूस जागचं हालत न्हाई.

आता सहा दिवस उरले होते. नावं बाराची दहा झाली, कारण दोघांनी रागाने काढून घेतली. अप्पा खेडकर सरांकडे गेले आणि कौसाबाईचा प्रश्न त्यांना विचारला.  रात्रीला एक वॉचमन होता, तो गेटवर झोपायचा. सर म्हणाले, तुम्ही 'मायेची सोबत' असं काहीतरी घाला, नंतर बघू. अप्पांनी पेन कानावर ठेवलं आणि म्हणाले, आधी माणूस दाखवा, मग ओळ लिवतो. सर भडकले. एवढी खटपट केली ती तुमच्या हट्टापायी बुडणार, असं म्हणाले. रफिकभाईही म्हणाले, अप्पा, चार ओळी तर हायेत, टाका लिहून. अप्पा दोन दिवस ढिम्म. त्या दोन दिवसांत मी त्यांना इतकं बोलले की आता ते शब्द इथे लिहवत नाहीत. बोर्डाच्या ऑर्डरी पडून होत्या आणि ते स्टुलावर बसून जुन्या पत्रिका वाचत होते.

तिसऱ्या दिवशी सर आले. कौसाबाईला त्यांनी विचारलं होतं, लेकरांजवळ झोपशील का? ती आधी हसली, मग हो म्हणाली. संध्याकाळी सातला लेकरांना फोनवर आईशी बोलू द्यायचं, हेही ठरलं. अप्पांनी लगेच एक पत्रिका उलटी केली आणि न थांबता लिहून मला दिली. म्हणाले, बासरी नको, रडका आवाज नको. शेजारणीला सांगतेस तसं वाच.

"बायांनो, निघताना तुम्ही दोरीवर एखादं लुगडं तसंच सोडून जाता, घर ओस दिसू नये म्हणून. यंदा दोरीवर लेकरांचे कपडे वाळू द्या. रात्री लेकरू उठलं तर शेजारी कौसाबाई असेल. तिला तुम्ही ओळखता. रोज सातला फोन करा, लेकरू बोलेल. नाव शाळेत सांगा."

मी विचारलं, लुगड्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाले, कुणीच न्हाई. कादंबरीत ती बाई हंगामाला निघत होती आणि काही केल्या निघेना. दोन महिने ते तिला ट्रकपर्यंत न्यायचे आणि ती दारातून परत आत जायची. का जाते ते त्यांना कळत नव्हतं. मग एक दिवस तिने आत जाऊन लुगडं भिजवलं, दोरीवर टाकलं आणि गुमान ट्रकमध्ये जाऊन बसली. अप्पा म्हणाले, तवा कळलं, बाई फडाला भीत नव्हती, मागं राहिलेल्या रिकाम्या घराला भीत होती.

रिक्षा गेली. या वेळी वायर कुणी उपटली नाही. अप्पा मागे चालत होते, मी दुकानातच थांबले, माझी हिंमतच झाली नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाले, दोघीतिघी एकमेकींकडे बघून हसल्या. संध्याकाळपर्यंत सतरा नावं झाली. दुसऱ्या दिवशी चोवीस. मनीषाचं नाव त्यात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भीमा दुकानात आला. रफिकभाई काउंटरच्या पुढे येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं आता हा हात टाकणार. भीमाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो सरळ स्टुलापाशी गेला.

"लुगड्याचं तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई."

"सुंदरा टाकायची. हिरवं. शेजारणीला बी कळू द्यायची न्हाई. मला म्हणायची, हसतील. तुमाला कुणी सांगितलं?"

अप्पा उठून उभे राहिले.  मग त्यांनी साडीचं खोकं पुढे ओढलं आणि गठ्ठे दाखवले. "तू जे इचारू नको म्हणालास, ते पाच वर्सं मी हिला इचारत बसलो. लई चुकलो बी असंन. हे एक तिनं सांगितलं."

भीमाने एक पत्रिका उचलली. एका बाजूला कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाचा गणपती, दुसऱ्या बाजूला अप्पांचं अक्षर. त्याला दोन्हीकडचं वाचता येत नव्हतं. त्याने ती उलटी केली, सुलटी केली, परत होती तिथे ठेवली आणि निघून गेला. मनीषाच्या नावाला हो म्हणाला नाही की नको म्हणाला नाही. अप्पांनी त्या दिवशी एकही ओळ लिहिली नाही.

सोमवारी यादी द्यायची होती आणि त्याच सकाळी भीमाचा ट्रक निघणार होता. रविवार संध्याकाळपर्यंत एकोणतीस नावं झाली होती. सर अक्षरशः दारोदार फिरून दमले होते. सोमवारी आठच्या एसटीने अप्पा वस्तीवर गेले, आणि मला राहवेना म्हणून मीही. माझं लग्न ठरलं होतं, त्या दिवसानंतर मी दुकानात गेले नाही; पुढच्याच महिन्यात लग्न होऊन बीडला आले. अप्पा लातूरला मुलाकडे गेले, फोनवर बोलायचे, पण पुन्हा भेट झाली नाही. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या शाळेच्या पायरीवर.

शाळेसमोर ट्रक उभा होता. गाद्या, पातेली, सरपण चढलं होतं. बायका वर बसल्या होत्या, खाली लेकरं रांगेत उभी होती आणि कौसाबाई त्यांच्यामागे फिरून एकेकाचं डोकं नुसतं चाचपत होती, मेंढरं मोजावीत तशी. भीमाचा भाऊ वरून हाका मारत होता. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. भीमाच्या घराचं दार उघडंच होतं आणि दोघांपैकी कुणी बाहेर येत नव्हतं. अप्पा पायरीवर बसले होते, पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. मला तो टकटक आवाज सहन होईना.

मग मनीषा बाहेर आली, हातात कापडी पिशवी. मागून भीमा. त्याने दाराला कुलूप लावलं, चार पावलं आला, थांबला, परत गेला. कुलूप उघडून आत गेला. ट्रकवर एक जण शिवी हासडून ओरडला. भीमा बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पिळलेलं हिरवं लुगडं होतं. त्याने ते दोरीवर टाकलं, नीट पसरलं, आणि मनीषाचा हात धरून ट्रककडे न जाता शाळेकडे आला.

सरांनी यादीवर नाव लिहिलं.  मनीषा कौसाबाईजवळ जाऊन उभी राहिली. भीमा पायरीपाशी आला.

"भाकरीचं काय तरी बघीन मी," तो अप्पांना म्हणाला. मग म्हणाला, "तवाचा बोर्ड राहिलाय. लिवा आता."

अप्पांनी पिशवीतून एक पत्रिका काढली, उलटी करून मांडीवर ठेवली. पेन हातातच होतं. आणि अशा वेळीसुद्धा ते सवयीने विचारून गेले, "कोण वाचणार?"

भीमाने मागे वळून पाहिलं. मनीषा पिशवी छातीशी धरून उभी होती.

"ही वाचंल," भीमा म्हणाला, आणि पळत जाऊन ट्रकवर चढला.

ट्रक वळणाआड गेला, तरी अप्पा तसेच बसून होते. पत्रिका मांडीवर, पेन टेकवलेलं, एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, अप्पा, साडेदहाची एसटी गाठायची आहे. त्यांनी मान वर न करता हाताने मला थांब म्हणून खूण केली. मग मनीषाला हाक मारली आणि पायरीवर आपल्या शेजारी जागा करून दिली. मी एकटीच एसटीला गेले.